अकरा वाजताचा कागद

आमच्या ऑफिसचं दार कायम सताड उघडं असतं. ते बंदच होत नाही, चौकट खचली आहे. तरीही नारखेडेभाऊ त्या उघड्या दारावर तीनदा टकटक करतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहतात. आपण "या" म्हटलं तरी येत नाहीत. "कोण?" असं विचारावं लागतं. मग ते सांगतात, "मुरलीधर नारखेडे. कम्प्युटर विभाग." आणि आत येतात. त्या विभागात ते एकटेच आहेत.

एकदा मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर ते वीस मिनिटं तिष्ठत उभे होते. साहेब आतून नुसते "या, या" करत होते. शेवटी मीच जाऊन म्हटलं, "साहेब, कोण म्हणून विचारा. नाहीतर आज हे आत येत नाहीत आणि आपला प्रिंटरही सुरू होत नाही." साहेबांनी विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"ताई," नारखेडेभाऊ मला समजावतात, "न इचारता आत घ्याची सवय लागली ना, मतलब कोनीबी येईन. तुम्ही म्हनता आवाजावरून वळखलं. आवाज तं कोनीबी काढते."

घरीही हाच प्रकार. तीस वर्षांच्या संसारानंतर त्यांची बायको आतून "कोन?" म्हणून विचारते आणि हे जिन्यात उभं राहून पूर्ण नाव सांगतात. वहिनी म्हणतात, पहिल्यांदा शेजाऱ्यांची लाज वाटायची, आता शेजारी हसतसुद्धा नाहीत.

बहादरपूरच्या रस्त्याला आमची कागदाची गिरणी आहे. केळीच्या खोक्यांना लागतो तो जाडाभरडा तपकिरी कागद आम्ही बनवतो. मी डिस्पॅचला, म्हणजे माल भरलेला ट्रक बाहेर काढायचं काम माझं. ट्रकला गेटपास लागतो आणि गेटपास छापायला प्रिंट सर्व्हर लागतो. प्रिंट सर्व्हर म्हणजे काय, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. गिरणीत सात प्रिंटर आणि छापायला टपलेली चाळीस माणसं. कोणाचा कागद कुठल्या प्रिंटरवर निघेल हे ठरवणारा एक कम्प्युटर मागच्या खोलीत घरघरत असतो, तो सर्व्हर. त्याची देखभाल नारखेडेभाऊंकडे.

या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला भोकं असतात. ती पहिल्यापासून असतातच, फक्त आपल्याला मागाहून कळतात. भोकातून बाहेरचा कोणीही आत शिरू शकतो, आपल्या प्रिंटरवर वाटेल ते छापू शकतो, जमलं तर सगळं बंद पाडू शकतो. सॉफ्टवेअरवाली कंपनी मग पॅच पाठवते. नारखेडेभाऊ त्याला ठिगळ म्हणतात. एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवतं. एकदा ठिगळ लावल्यावर गेटपासवरच्या सगळ्या हिंदी अक्षरांचे चौकोन झाले. दोन दिवस आमचे ड्रायव्हर नुसत्या चौकोनांचे गेटपास घेऊन गेटबाहेर गेले आणि पहारेकऱ्याने एकालाही अडवलं नाही. आम्ही पोट धरून हसलो. नारखेडेभाऊ मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत. "कोनी इचारलंच नाही, ताई. एकानंबी नाही," असं म्हणत डब्याकडे बघत बसले. त्यांच्या डब्यालाही छोटं पितळी कुलूप आहे, हे सांगायचं राहिलं.

आता कागदाबद्दल सांगते.

मी डिस्पॅचला आले त्याच महिन्यात एकदा सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलाजवळचा प्रिंटर आपोआप सुरू झाला. कोणी काही पाठवलं नव्हतं. एक कागद बाहेर आला. त्यावर एवढंच होतं, "नारखेडे, मागचं दार उघडं आहे." मी नारखेडेभाऊंना बोलावणं धाडलं. नारखेडेभाऊ आले, टकटक, कोण, मुरलीधर नारखेडे, सगळं झालं. मग त्यांनी तो कागद वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, "नालायक," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागवला आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते.

हा नालायक म्हणजे अरविंद कोल्हे. हा सर्व्हर आठ वर्षांपूर्वी नारखेडेभाऊ आणि कोल्हे या दोघांनी मिळून बसवला होता. तेव्हा कम्प्युटर विभागात दोन माणसं होती. सर्व्हरबरोबर कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलायचा राहून गेला आणि बाहेरचा कोणीतरी आत शिरला. एका सोमवारी सातही प्रिंटर रात्रीपासून नुसता कचरा छापून ओकत होते, गेटपास छापता येत नव्हते आणि सोळा ट्रक गेटवर अडकले होते. चौकशी झाली. पासवर्डचं काम कोणाचं, असं साहेबांनी विचारलं. नारखेडेभाऊ म्हणाले, कोल्हेचं. कोल्ह्यांना ताकीदपत्र मिळालं. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि भुसावळला आपल्या घरी निघून गेले. जाताना नारखेडेभाऊंशी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोनही केला नाही.

पण रोज सकाळी अकरा वाजता कोल्हे भुसावळहून आमचा सर्व्हर चाचपून बघायचे. भोक सापडलं की आत यायचे, एक ओळ छापायचे आणि निघून जायचे. "नारखेडे, खिडकी राहिली." "नारखेडे, कडी लावली, कुलूप नाही." दुसरं काही कधी केलं नाही, कशाला हात लावला नाही. नारखेडेभाऊ मग तीन-चार दिवस खपून ते भोक बुजवायचे आणि माझ्याकडे येऊन सांगायचे, "बंद झालं, ताई. पक्कं बंद झालं." हे सांगताना त्यांचं तोंड इतकं उतरलेलं असायचं की मला वाटायचं सर्व्हरच जळाला. पुढचे काही दिवस अकरा वाजता ते काही ना काही कारण काढून माझ्या प्रिंटरपाशी घुटमळायचे. कागद आला की "नालायक" म्हणायचे आणि माणसात यायचे.

आठ वर्षं हे चाललं. दोन प्रौढ, शिकलेली माणसं, मध्ये तासाभराचा रेल्वेप्रवास, आणि बोलणं काय तर एवढंच. मला राग यायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, फोन करा ना सरळ."

"फोन करून काय बोलू?"

"हॅलो म्हणा."

"आन् त्यानं इचारलं, कोन? मंग काय सांगू, ताई?"

जन्मभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारायला लावणाऱ्या माणसाने हे म्हणावं! मी गेटपासांचा गठ्ठा पुढे ओढला.

या वर्षी हेड ऑफिसहून तपासणीला एक बाई आल्या. मूळ इंदूरच्या, तिशीतल्या, कामाला चोख. त्या मागच्या खोलीत टकटक न करताच शिरल्या, तेव्हाच नारखेडेभाऊंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी हजेरीपट घेऊन तिथेच उभी होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"काका, बाहेरून सर्व्हरपर्यंत यायचा हा रस्ता उघडा कशाला ठेवलाय?"

"डेपोवाले बाहेरगावून ऑर्डरी छापतात ना, म्याडम."

"डेपोवाल्यांनी कित्येक वर्षांत काही छापलेलं नाही. नोंदी बघा. सगळे मोबाईलवरच पाठवतात." बाई पडद्यावर बोट फिरवत राहिल्या. "बाहेरून येणारा एकच पत्ता आहे. रोज अकरा वाजता. आणि तुम्ही आठ वर्षं एकेक भोक बुजवत बसलात? फायरवॉलवर एक ओळ लिहिली असती तर बाहेरून कोणीच आलं नसतं. तुम्हाला ती ओळ माहीत नव्हती?"

फायरवॉल म्हणजे गिरणीचे कम्प्युटर आणि बाहेरचं जग यांच्यामधली भिंत. नारखेडेभाऊंना ती ओळ माहीत नसणं शक्यच नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि ते शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभे होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ वर्षं हा माणूस सगळ्या गिरणीला कोण म्हणून विचारायला लावत होता आणि स्वतः एक रस्ता मुद्दाम उघडा ठेवून बसला होता.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. रस्ता बंद झाला नाही तर सर्व्हर काढून टाकायचा, छपाईचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं आणि कम्प्युटर विभागही बंद करायचा, असं त्या अहवालात लिहिणार होत्या. नारखेडेभाऊंच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि एका बोटाने ती ओळ लिहिली. ओळ खरंच एकच होती. ती लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रिंटर गप्प राहिला. पाच मिनिटांनी टकटक झाली. "कोण?" "मुरलीधर नारखेडे. कम्प्युटर विभाग." त्यांच्या हातात त्यांनीच छापलेला एक कागद होता. कोण आलं, कोणाला परत लावलं, याची नोंद फायरवॉल ठेवते. त्या नोंदीतली एक ओळ होती. वेळ अकरा, भुसावळचा तो पत्ता, आणि पुढे, प्रवेश नाकारला.

"ठोठावून गेला," नारखेडेभाऊ म्हणाले.

मग रोज हेच सुरू झालं. कोल्हे रोज अकराला ठोठावत, फायरवॉल त्यांना परत लावी आणि नारखेडेभाऊ तो नकार छापून आणत. पूर्वी कोल्ह्यांचे कागद घडी घालून खिशात जायचे, आता हे नकार एका फायलीत जाऊ लागले. "आज अकरा वाजून दोन मिन्टं. उशीर झाला त्याले," असं ते मला कौतुकाने सांगत. मी हसायचे. खरं तर मला ते बघवत नव्हतं.

आणि एक दिवस नोंद आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "त्याचं इंटरनेट गेलं असन," नारखेडेभाऊ म्हणाले. आठवड्याने म्हणाले, "कंटायला असन. बंद दाराले कोन किती ठोठावीन?" दहा दिवसांनी मला राहवलं नाही. माझी नणंद भुसावळला कोल्ह्यांच्याच गल्लीत राहते. तिला फोन केला. तिने संध्याकाळी उलट फोन करून सांगितलं. कावीळ झाली होती, अंगावर काढली, दवाखान्यात नेल्यावर चार दिवसांत खेळ आटोपला.

सकाळी मी मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "कोन?" मी माझं नाव सांगितलं, डिस्पॅच म्हटलं, आत गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी नकारांची फाईल काढली आणि शेवटचे कागद चाळले. मग म्हणाले, "मंग त्या दिवशी उशीर झाला ते आजारी व्हता म्हून."

आम्ही त्याच दिवशी भुसावळची गाडी धरली. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "पासवर्ड बदलाचा व्हता हे मलेबी ठाऊक व्हतं, ताई. दोघाचंबी काम व्हतं ते. साहेबांनी इचारलं आन् मी त्याचं एकट्याचं नाव सांगतलं." खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पळत होत्या, मी तिकडे बघत बसले.

कोल्ह्यांच्या दाराशी चपलांचा ढीग होता. दार उघडं होतं. दुखवट्याच्या घरी कोणी दार वाजवत नाही आणि कोणी कोण म्हणून विचारत नाही, लोक येतात, बसतात आणि उठून जातात. नारखेडेभाऊंनी उघड्या दारावर तीनदा टकटक केली आणि बाहेर उभे राहिले. आत बसलेल्यांनी वळून बघितलं. कोणीतरी हातानेच बसायची खूण केली. ते हलले नाहीत. कोल्हेवहिनी भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "या, भाऊजी."

वहिनी, कोण म्हणून विचारा हो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या घरात ते कसं बोलायचं? नारखेडेभाऊ तसेच उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि कोणी न विचारताच आत आले.

वहिनींच्या बोलण्यात काही राग नव्हता. दुसऱ्याच कोणाची हकीगत सांगावी तसं त्या सांगत होत्या. "दवाखान्यात न्याच्या दिवशीबी अकरा वाजता कम्प्युटरपुढे बसले. म्या म्हनलं, अंगात ताप आहे, राहू द्या आज. तं म्हने, थांब, पाहू दे, नारखेड्यानं उघडलं का."

हेड ऑफिसचं पत्र नंतर आलं. आमचा सर्व्हर आता पूर्ण सुरक्षित आहे, असं त्यात लिहिलंय. साहेबांनी ते मागच्या खोलीत फ्रेम करून लावलं.

नारखेडेभाऊ आता टकटक करत नाहीत. अकरा वाजता येतात आणि सरळ आत येऊन प्रिंटरशेजारच्या खुर्चीवर बसतात. पहिल्या दिवशी मला ते सहन झालं नाही. समोर बसलेल्या माणसाला मी विचारलं, "कोण?"

"कोनी नाही, ताई," ते म्हणाले. "मीच आहे."