आजीच्या चित्राची आवक-जावक

बाहेरचे चित्र आपणहून संगणकात शिरत नाही, त्याला रीतसर आत घ्यावे लागते. ही गोष्ट ज्या कुटुंबांना वेळीच उमगते ती सुखी असतात. आमच्या कुटुंबाला चार रविवार लागले.

प्रस्तुत चित्र एका छोट्या कॅसेटमध्ये होते. लेक सहा महिन्यांची असताना माझी आई तिला मांडीवर घेऊन एकेचाळीस मिनिटे बोलत बसली होती, आणि सासऱ्यांनी ते आपल्या जुन्या कॅमेऱ्यात टिपले होते. पुढे तीन महिन्यांनी आई गेली. लेक आता चार वर्षांची आहे आणि विचारते, "आजी कशी बोलायची?" मी आईची नक्कल करायला जाते, पण दोन शब्दांपुढे जमत नाही.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने फीत उजेडात धरली आणि डॉक्टरी आवाजात सांगितले, "ताई, ही अजून एकदा चालेल. दुसऱ्यांदा लावलीत तर गुंतलीच समजा." तोडगाही त्यानेच दिला. संगणकाला असे ग्राफिक्स कार्ड बसवायचे, जे चित्र नुसते बाहेर दाखवत नाही, बाहेरचे आतही घेते. पिवळी तार कार्डात, लाल-पांढरी आवाजाच्या भोकात. झाले.

'झाले' हा शब्द दुकानातच खरा असतो.

सासरे एकतीस वर्षे एका कचेरीच्या आवक-जावक विभागात होते, त्यामुळे कामाची सूत्रे ओघानेच त्यांच्याकडे आली. त्यांनी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली आणि एक वही घातली. वहीत दिनांक, तारेचा रंग, भोक, निष्कर्ष आणि शेरा असे रकाने होते. पहिल्याच रविवारी तात्त्विक मतभेद झाले.

"बाबा, कॅमेऱ्यातून चित्र बाहेर जातंय. म्हणजे जावक," नवरा म्हणाला.

"अरे, पण संगणकात येतंय ना? मग आवक."

"तार एकच आहे हो!"

"म्हणून तर दोन्ही टोकांना नोंद पाहिजे."

कॅसेट जपायची म्हणून चाचण्या कॅमेरा नुसता खिडकीकडे रोखून घेतल्या. एकूण चाचण्या अठरा. निळा पडदा बारा वेळा, काळा चार वेळा. एकदा संगणकाचेच चित्र टीव्हीवर जाऊन पोचले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. (दिशा उलटी होती, पण काहीतरी कुठेतरी गेले होते. कित्येक खात्यांना आयुष्यभर एवढेही साधत नाही.) तिसऱ्या रविवारी संगणकावर आमची खिडकी दिसली. जी खिडकी मान वळवली की दिसते, तिच्याकडे आम्ही पाऊण तास भारावून बघत होतो.

चौथ्या रविवारी कॅसेट आत गेली. तेवढ्यात संगणकाने विचारले, 'आवाज कुठून घ्यायचा?' खाली यादी होती. सासऱ्यांनी चष्मा पुसून ती वाचली. "मायक्रोफोन. आवाज घेणं हे त्याचंच काम. दुसऱ्याच्या कामात आपण ढवळाढवळ करायची नाही." तर्क बिनतोड होता. नवऱ्याने मायक्रोफोन निवडला.

आणि पडद्यावर आई आली. तीच निळी साडी, मांडीवर बोळकं पसरून हसणारी माझी लेक. आई बोलत होती. ऐकू काहीच येत नव्हते, पण पडद्याच्या कडेला आवाजाची हिरवी पट्टी टणाटण उड्या मारत होती.

"बघ, कसा खणखणीत आवाज चाललाय आत!" सासरे ओरडले. पट्टी टोकाला भिडली.

"हळू बोला ना बाबा, आईंना डिस्टर्ब होईल," नवरा म्हणाला. पट्टी पुन्हा हलली.

"आई, आजी काय म्हणतेय?" लेकीने माझा पदर ओढला.

"श्श! थांब गं. आत्ता नको. नंतर ऐकू."

एकेचाळीस मिनिटे अशी पार पडली. वहीत शेरा पडला, 'कार्यवाही पूर्ण.' कॅसेट मागे फिरवताना कॅमेऱ्यातून कुरकुर ऐकू आली आणि फितीचा गुंता बाहेर आला. कोणी फारसे मनावर घेतले नाही. आई संगणकात सुखरूप होती.

मग आम्ही ओळीने बसून संगणकातले चित्रण लावले. मायक्रोफोनने आपले काम चोख केले होते. त्याने खोलीतला आवाज घेतला होता. आई प्रेमाने वाकली, लेकीच्या गालाला हात लावून तिने ओठ उघडले, आणि सासऱ्यांच्या आवाजात म्हणाली, "बघ, कसा खणखणीत आवाज चाललाय आत!"

मी बंद करायला उठले, तर लेकीने हात धरला. पडद्यावर आई तिच्याकडे बघून हसत होती आणि माझ्या आवाजात सांगत होती, "थांब गं. आत्ता नको. नंतर ऐकू."

"कळलं," लेक खुशीत म्हणाली. "आजी असं म्हणायची."

आपण सुज्ञ आहात. आपल्या घरी तारांचा घोळ नाही, आपला फोन चित्र आणि आवाज एका बोटासरशी घेतो. तेव्हा सवडीने त्यातले घरच्या माणसाचे कुठलेही एक चित्रण लावा, डोळे मिटा आणि ऐका. "इकडे बघ. अगं, असं नाही. परत एकदा. हं, आता बोल." हा आवाज कोणाचा आहे, ते ओळखा.