बारा भाकिते आणि एक हरकत

पुढल्या महिन्यात जगातल्या लाखो लोकांना जे कळणार होते, ते अभिराम गुप्ते यांना आजच कळलेले होते. बारा कलमांत लिहूनही झाले होते. वीस वर्षांपूर्वीचा एक संगणकीय खेळ नव्याने घडवून बाजारात येत होता. खेळाडूने जहाजे घेऊन परक्या किनाऱ्यावर उतरायचे, वखार घालायची आणि नकाशात आड येणाऱ्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर एकदा टिचकी मारायची. वस्ती नाहीशी होई, तुतारी वाजे, खेळाडूची 'सुधारणा' वाढे. मिठागरांच्या सारावसुलीवर डॉक्टरेट केलेल्या गुप्त्यांनी हा खेळ वीस वर्षे दात आवळून खेळला होता. दर वेळी जिंकत, आणि दर वेळी त्यांना जेवण जात नसे.

आता खेळाचे कर्ते 'ऐतिहासिक जाणीव' हे शब्द वापरू लागले होते. तेव्हा नव्या खेळात काय काय बदलणार, हे इतिहासाच्या अभ्यासकाखेरीज कोण सांगणार? "बारातले एक जरी कलम चुकले, तरी मी हा विषय शिकवणे सोडीन," असे गुप्त्यांनी वाशीच्या महाविद्यालयात जाहीर केले. सहकाऱ्यांनी तारीख लिहून ठेवली.

कलमे मराठीत होती. इंग्रजीत काय, सगळेच लिहितात. कलम पहिले: खाडीलगतच्या मूळ वस्त्यांची प्रथम मोजणी करण्यात येईल. कलम दुसरे: मोजणीअंती खुणेचे दगड रोवण्यात येतील. कलम तिसरे: रहिवाशांच्या हरकती ऐकून घेऊन त्यांना टेकडीपलीकडे हलवण्यात येईल. ज्या दप्तरांवर गुप्ते जन्मभर संतापत आले, त्याच दप्तरांची भाषा नकळत त्यांच्या हातात उतरली होती. सापांवर संशोधन करता करता माणूस फुत्कारू लागावा, तसे.

गुप्ते राहत घणसोली गावात, हिरामण मढवी यांच्या घराच्या चौथ्या मजल्यावर. त्यांची अडीच हजार पुस्तके पाहून पाच सोसायट्यांनी त्यांना नकार दिला होता. कुणाला स्लॅबची काळजी, कुणाला वाळवीची. हिरामण तेवढे म्हणाले होते, "पुस्तकं भांडत नाय, पानी सांडत नाय. रावा." ही खोली सुटली तर पुस्तकांसकट घेणारे दुसरे घर नवी मुंबईत नाही, हे गुप्ते पुरते जाणून होते.

तळमजल्यावर हिरामणांची सून रंजिता झेरॉक्सचे दुकान चालवी. शनिवारी सकाळी तिने गुप्त्यांची चार पाने छापली. दुसऱ्या पानावर शाई पसरली, म्हणून ते पुन्हा छापले आणि बिघडलेले पान बाजूला ठेवले. त्या घरात बिघडलेले पान फुकट जात नसे. दुकानाच्या पायरीवर रंजिताची सासू शेवंताबाई सुकट विकायला बसत, आणि सुकट बांधायला कागद लागतोच. त्या पानात गुंडाळलेली सुकट मागच्या गल्लीतल्या सुंदराबाईंकडे गेली. सुंदराबाईंनी सुकट डब्यात रिकामी केली आणि चष्मा लावून कागद वाचला.

पानावर खाडीचा नकाशा, खाडीकाठी चौकोनी घरे आणि खाली ती तीन कलमे. शीर्षक आणि 'खेळ' हा शब्द पहिल्या पानावर राहिलेले. असा एक कागद आजोबांच्या काळी गावात येऊन गेला होता. त्या कागदामागून भातशेती गेली, मिठागरे गेली आणि शेतांच्या जागी मनोरे उभे राहिले. घरे तेवढी उरली होती. त्यामुळे 'करण्यात येईल' ही दोन शब्दांची जोडी वाचायला गावाला शाळेची गरज नव्हती. ती वाचताच अंगावर काटा येई. दुपारपर्यंत कागदाचा फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. मूळ कागदाला सुकटीचा वास होता, पण त्यावरून कुणाला शंका आली नाही.

हिरामण कागद घेऊन चार जिने चढून आले.

"सर, तुमी शिकलेले. यो कागद खरा हाय का?"

गुप्त्यांनी आपले वाक्य ओळखले. प्रथम अभिमान वाटला, मग घोटाळा लक्षात आला. तरी विद्यार्थ्यांचे पेपर तपासण्याची सवय जिभेवर आधी पोचली. "मसुदा फार काळजीपूर्वक केलेला आहे," ते म्हणाले. पुढचे वाक्य जुळवेपर्यंत हिरामण दोन मजले उतरले होते. तिसऱ्या मजल्यापासूनच बातमी निघाली: सरांनी तपासला, कागद अस्सल आहे.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात गाव जमले. गुप्ते कबुली द्यायचीच असे ठरवून गेले होते. तेवढ्यात शेवंताबाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "लिवनारा गावला ना, तर त्याला सुकटीसंगती वालत घालीन." कुणी हसले नाही. गुप्त्यांच्या डोळ्यांपुढे मासळी वाळवायच्या बांबूच्या वलणीवर लटकलेला एक डॉक्टरेटधारी तरळून गेला, आणि त्याच्यामागे रस्त्यावर भिजणारी अडीच हजार पुस्तके. तरी ते धीर करून उभे राहिले. "हे मी..." एवढेच तोंडातून निघाले.

"सर हरकत लिहून देतात म्हणतायत," रंजिता चटकन म्हणाली. पाने तिनेच छापली होती. टाळ्या पडल्या.

मग गुप्त्यांनी आपल्याच कागदाविरुद्ध हरकत लिहिली. भीतीने सुरुवात केली, पण दुसऱ्या परिच्छेदात वीस वर्षांचा राग जागा झाला. गावाची चतुःसीमा आली, विहिरी आल्या, प्रत्येक गल्लीची रुंदी आली, कुठले घर कुणाच्या पणज्याने कधी बांधले तेही आले. सोबत हाताने काढलेला नकाशा, प्रमाणासह. प्रबंधाचे परीक्षक दोन होते, आणि त्यांतला एकच जागा होता; इथे सारे गाव ऐकत होते. सोमवारी भूमापन कचेरीत हरकत दाखल झाली, पोच मिळाली आणि शेवंताबाईंनी सरांकडे वाटीभर सुकट पाठवली. गुप्त्यांना तो घास उतरला नाही.

चौथ्या आठवड्यात शुक्रवारी खेळ आला. मोजणी नव्हती, दगड नव्हते, हरकती तर नव्हत्याच. वस्तीवर एकच टिचकी, पूर्वीसारखी. तुतारीच्या जागी सबंध वाद्यवृंद आला होता. ऐतिहासिक जाणीव ती एवढीच. बाराच्या बारा कलमे चुकली होती. आता लपवण्यासारखी अब्रूही उरली नाही, असा हिशेब करून गुप्ते लॅपटॉप बगलेत मारून खाली गेले आणि हिरामणांना सगळे सांगून टाकले. पुरावा म्हणून एक वस्ती पुसूनही दाखवली.

हिरामणांनी पडद्यावरची रिकामी जागा बराच वेळ पाहिली. दाराशी शेवंताबाई होत्या. बांबूची वलणी अंगणातच होती.

"खोली कधी सोडू?" गुप्त्यांनी विचारले.

"खोलीचं ऱ्हाऊ द्या," हिरामण म्हणाले. "आज ह्ये आलंय." त्यांनी खिशातून घडी काढून पुढे केली. कचेरीचे उत्तर होते.

'आपली हरकत प्राप्त झाली. सदर प्रकल्पाची मूळ कागदपत्रे या कार्यालयात आढळून येत नाहीत. तथापि, हरकतीसोबत सादर केलेले तपशील व नकाशा अत्यंत समाधानकारक असल्याने, येत्या बुधवारी प्रत्यक्ष मोजणी करण्यात येईल.'

गुप्त्यांनी ते दोनदा वाचले. बारातले पहिले कलम शब्दशः खरे ठरले होते. खेळात नव्हे, एवढेच.

"सर, तुमच्या कागदात मोजनीनंतर काय हाय?"

"खुणेचे दगड," गुप्ते म्हणाले.

हिरामणांनी रंजिताच्या दुकानातून एक कोरा कागद आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"मंग दुसरी हरकत लिवा. पन सर, या खेपंला जरा वाईट लिवा."