टाकीत काय हाय?

हिराजीकाका कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. जिन्यात भेटले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "टाकीत काय हाय?"

टाकी म्हणजे पोट. पनवेलजवळच्या कोन गावात त्यांची भाताची गिरणी होती आणि उभा जन्म डिझेल इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्यांना माणूसही इंजिनच वाटतो. बायको गेल्यावर गिरणी मोडून ते आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत राहायला आले, माझ्या समोरच्याच घरात. एकटे.

मी शाळेत शिकवते, पण आमच्या मजल्यावर मास्तर ते. "भात म्हंजे डिझेल, बाय. उरला तर थोडा कालजात राखीव डब्यात जातो. त्याच्यावर उरला तर असा कोठार बांधतो," असं म्हणून ते सरळ सेक्रेटरींच्या पोटाकडे बोट दाखवतात. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला, तरी आधी, "याचे चार जिने चढायचे झाले," मग नमस्कार.

असा हा कडक माणूस, पण सदऱ्याच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. आणि घरात मुंग्या! त्यांच्या उंबऱ्यातून रांग निघायची ती थेट माझ्या ओट्यावर. सेक्रेटरींनी नोटीस दिली. काका म्हणाले, "त्यांच्या टाकीत पन काय तरी पायजे ना." मी मुंग्यांची पावडर आणून दिली, ती त्यांनी पुडा न फोडता परत केली. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.

गेल्या वर्षी मला साखर निघाली, इन्शुलिन सुरू झालं. तेव्हापासून काका रोज सकाळी दारातच उभे. "सुई म्हंजे चावी. ती रक्तातली साखर आतल्या घरांत सोडते. पन रक्तात साखर नसली तर?"

"पोहे खाल्लेत, काका," असं ठोकून देऊन मी सटकत असे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी सवयीनं इंजेक्शन घेतलं आणि सवयीनंच उपासही धरला. शाळेतून परतले तर किल्ली कुलपात जाईना.

"टाकीत काय हाय?" मागून आवाज आला.

"पोहे."

काकांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांत मला घाम फुटला होता. त्यांनी माझ्या तोंडात दोन गोळ्या कोंबल्या, आपल्या घरात नेऊन बसवलं. बुटक्या स्टुलावर साखरेची उघडी बरणी होती. बोटानं मुंग्या बाजूला सारून त्यांनी पाण्यात चार चमचे ढवळले.

जरा बरं वाटल्यावर मी हसून म्हटलं, "काका, निदान झाकण तरी लावा हो."

ते खाली बसले. "माझ्या बायकोनं पन गुरुवार धरला व्हता. मना सांगितला नाय, मी उपास मोडला असता ना. सकालची सुई मीच दिली. दुपारी तिला घाम सुटला, बरलायला लागली. मना वाटला, साखर वाढली. ती या बरनीकडं हात करीत व्हती. उठता येत नव्हता तिला." त्यांनी बरणी जवळ ओढली. "मी झाकन घट्ट लावला. बरनी वरच्या फलीवर ठेवली."

मला रडू आवरेना. काकांनी साखरेतली एक मुंगी अलगद उचलून जमिनीवर सोडली.

"आता खरा सांग. टाकीत काय हाय?"

"काही नाही, काका."

ते उठले, तांदळाचा डबा उघडला. दोन मुठी घेतल्या, जरा थांबले, आणखी दोन घेतल्या. भात झाला. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि मी पहिला घास घेईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"मोडला एकदाचा उपास," ते हळू म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, बरणीकडे पाहत होते.