दोघांच्या वजनाची स्प्रिंग

तिसऱ्या गतिरोधकापाशी मोटरसायकल हळू झाली, तशी बायको मागच्या मागे उतरली आणि चालू लागली. तिच्या नवऱ्याला, भिंगरीला, पत्ताच नव्हता. पुढचा अर्धा किलोमीटर तो तिला कचेरीतलं राजकारण सांगत राहिला. ती 'हं' म्हणत नाही हे त्याला फारसं खटकलं नाही, ती एरवीही म्हणत नसे. सिग्नलला त्याने मान वळवली, तर मागे सीट रिकामी.

तो घाबराघुबरा उलटा फिरला. बायको पिशवी खांद्याला लावून फुटपाथवरून शांतपणे येत होती.

"अगं, पडलीस का काय?"

"पडले नाही, उतरले. प्रत्येक खड्ड्यात मागून धाड्कन आपटतं. माझं माकडहाड गोळा करत घरी यायचं का मी?"

"मागची स्प्रिंग बसलीय जरा. बघतो ना."

"तीन महिने बघताय. परवा, शनिवारी अकरा वाजता, मला दवाखान्यात गणवेशाचे नमुने दाखवायचेत. तोवर झालं तर तुमच्या मागे बसेन. नाहीतर भाऊजींना सांगते. त्यांची स्कूटर बरी आहे."

हे त्याला झोंबलं. बायको घरी शिवणकाम करायची. दवाखान्याच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाचं काम मिळावं म्हणून गेला दीड महिना ती मशीनवर वाकून बसली होती. एवढ्या मोठ्या दिवशी तिने धाकट्या भावाच्या मागे बसून जायचं, म्हणजे नवरा काय दारातून हात हलवणार?

त्याला भिंगरी हे नाव कचेरीने ठेवलं होतं. विमा कचेरीत त्याला खुर्ची होती, पण त्या खुर्चीने त्याला सलग दहा मिनिटं कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी तो जेवणाच्या सुट्टीची वाट न बघताच गॅरेजमध्ये पोचला. मिस्त्री मात्र जगात घड्याळ नावाची वस्तू नसल्यासारखा माणूस. त्याने हात पुसले, मागचं चाक दाबून पाहिलं, पुन्हा हात पुसले.

"स्प्रिंग गेलीय. नवी घालू. पण कुठली ते वजनावर ठरतं. तुमचं किती?"

"बहात्तर."

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"काट्यावर केलेलं का आठवणीतलं?"

"आता मागच्याच…" मागच्याच काय, ते भिंगरीला नीट आठवेना. "बहात्तरच धरा."

"आणि वहिनींचं?"

पंधरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न भिंगरीने कधी विचारला नव्हता आणि म्हणूनच तो संसार पंधरा वर्षांचा झाला होता.

"अंदाजाने काम नको," मिस्त्री म्हणाला. "उद्या सकाळी दोघं या. बसवून मोजू, मग घालू. अर्ध्या तासाचं काम."

"उद्या सकाळी? आणि जमलं नाही तर?"

"जमतं हो."

पण 'जमतं हो' एवढ्यावर रात्रभर तग धरणाऱ्यांतला भिंगरी नव्हता. तो तसाच सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदारानेही वजन विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं, "तुमच्याकडची सगळ्यात कडक द्या."

"ही बघा. गॅसच्या टाक्या वाहणारे हीच नेतात."

दुकानदाराने धक्के झेलणाऱ्या दोन नव्या शॉकअपवर स्प्रिंगा चढवून दिल्या आणि संध्याकाळी भिंगरीने घराच्या अंगणात ते स्वतः गाडीला बसवले. बोल्ट आवळताना तो तीनदा उठला, दोनदा पाणी प्यायला आणि एकदा उगाच फाटकापर्यंत जाऊन आला. काम झालं तेव्हा गाडीचा मागचा भाग चांगला चार बोटं वर उचलला गेला होता. "आता कशी ऐटीत उभी आहे!" असं म्हणून त्याने बायकोला मागे बसवलं आणि गल्लीतून फेरी मारली.

धाड् असा आवाज बंद झाला होता. पण पहिल्याच खड्ड्याला बायको सीटवरून हातभर उडाली. दुसऱ्याला भिंगरीचा चष्मा नाकावरून कपाळावर गेला. तिसरा खड्डा नव्हताच, रस्त्यावर पाण्याचा पाईप आडवा टाकला होता, त्यालाही दोघं उडाली.

"कशी वाटते?" त्याने विचारलं.

"सीटवर असते तेव्हा बरी वाटते."

अंगणात परत आल्यावर बायको उतरली आणि भिंगरीने साइड स्टँड लावून गाडी सोडली. गाडी उंच झाली होती, स्टँड मात्र होतं तेवढंच. त्यामुळे ते टेकेपर्यंत गाडी एवढी कलली की ती थांबलीच नाही. शेजारी धाकट्या भावाची स्कूटर उभी होती. ती गाडीखाली आली. दिवा फुटला, हँडल वाकडं झालं आणि ब्रेकचा दांडा तुटून भिंगरीच्या पायापाशी येऊन पडला.

भाऊ गॅलरीतून ओरडला, "दादा, अरे माझी स्कूटर!"

"तू ती तिथे लावलीसच कशाला?"

"रोज तिथेच लावतो!"

बायको आत गेली आणि नमुन्यांचं गाठोडं पुन्हा मोजून बांधू लागली. तिने आरडाओरडा केला असता तर भिंगरीला सोपं गेलं असतं. त्या रात्री त्याने कूस इतक्या वेळा बदलली की शेवटी ती म्हणाली, "झोपा आता. सकाळी मी येते मिस्त्रीकडे."

शनिवारी साडेआठला दोघं गाठोड्यासकट गॅरेजमध्ये हजर झाली. मिस्त्रीने कडक स्प्रिंग काढून हातात घेतली आणि विचारलं, "कोणी टाक्यांचा धंदा काढलाय का?" मग तो दोघांना शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर घेऊन गेला.

बायको आधी चढली. बिनदिक्कत. "छप्पन्न," भंगारवाल्याने पुकारलं. गाठोडं बारा. मग भिंगरी चढला, आणि चढताना का कोण जाणे, त्याने श्वास रोखून धरला.

"अठ्ठ्याऐंशी!"

"काटा भंगारातला आहे," भिंगरी म्हणाला.

"काटा सरकारी तपासणीचा आहे साहेब. भंगार त्याच्यावर ठेवतो फक्त."

मिस्त्रीने फळीवरून मधल्या ताकदीची स्प्रिंग काढली. "दोघं बसल्यावर गाडी तीन बोटं खाली जायला हवी," तो म्हणाला. "टेकली तर स्प्रिंग मऊ, हललीच नाही तर कडक." बसवून झाल्यावर त्याने रिकाम्या गाडीची उंची मोजून खडूने खूण केली. बायकोने पिशवीतून शिंपीकामाची टेप काढली आणि नवऱ्याला आधी एकट्याला बसवलं.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

"घेतलेत."

"डावी टाच टेकलीय. मापाला आलेली गिऱ्हाइकं अशीच पोट आत ओढतात आणि मग शिवलेलं होत नाही म्हणून भांडतात. सोडा सगळं वजन."

भिंगरीने सगळं वजन सोडलं. मग ती गाठोडं घेऊन मागे बसली आणि टेप मिस्त्रीच्या हाती गेली. त्याने एकदा मोजलं, स्प्रिंग आवळणारं कडं एक खाच फिरवलं, पुन्हा मोजलं. भिंगरीने तेवढ्यात सात वेळा घड्याळ पाहिलं.

"तीन बोटं. निघा."

गाडी गतिरोधकावरून अलगद उतरली. भिंगरीने दर खड्ड्यानंतर मागे वळून बायको आहे ना ते पाहिलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "आहे हो. पुढे बघा."

अकराला पाच कमी असताना ती दोघं दवाखान्यात पोचली. तिथल्या परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाईंनी नमुने उलटेसुलटे करून पाहिले. "शिलाई छान आहे. पण आमची माणसं अशी सडपातळ नसतात. मोठ्या मापाचं अंगावर कसं दिसतं ते बघायला हवं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

पाच मिनिटांत भिंगरी गाठोड्यातल्या सगळ्यात मोठ्या मापाच्या निळ्या सदऱ्या-पायजम्यात उभा होता. गणवेश त्याला बेतून शिवल्यासारखा बसला. मेट्रनबाईंनी त्याला वाकायला लावलं, हात वर करायला लावले, आणि मान डोलावली. कागद करायला दोघी आत गेल्या. "इथेच बसा," बायको जाताना म्हणाली.

अर्ध्या तासाने सही झालेला कागद घेऊन ती बाहेर आली, तर बाकावर कोणी नव्हतं. इतक्यात मजल्यावरची परिचारिका लगबगीने मेट्रनबाईंकडे आली.

"बाई, तो निळ्या गणवेशातला नवा माणूस कुठल्या पाळीला दिलाय? दोन पेशंट क्ष-किरणाला नेऊन आणले, तिसऱ्याला आता घेऊन गेलाय. सांगावं लागत नाही, एका जागी बसत नाही. आम्हालाच द्या ना!"

मेट्रनबाईंना काही कळेना. बायकोला सगळं कळलं. तिने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि बाकावर टेकली.

"चौथा पेशंटही न्यायचा असेल तर नेऊ द्या," ती म्हणाली. "पण मग त्यांना इकडे पाठवा. मला घरी जायचंय, त्यांच्या मागे बसून."