शालिकभाऊंनी तलावाचं वेळापत्रक केलं

आमचे शेजारी शालिकभाऊ 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाहीत. हाताशी असेल त्या लाकडावर बोटाच्या पेरानं ठोकतात. एकदा ठोकलं तर नाही, दोनदा ठोकलं तर हो. चहा घेणार का विचारलं तर माझ्या दारावर दोनदा. साखर घालू का, एकदा. तरुणपणी त्यांना सात मुली दाखवल्या, आणि सातही घरांच्या खांबांवर त्यांनी एकेकदाच ठोकलं. म्हणून ते आज सहासष्टाव्या वर्षी एकटे आहेत.

तुम्ही मुलं फोनवर विचारता, आजी, तुझ्या गावात दिवसभर घडतं तरी काय. शालिकभाऊ घडतात.

ते तीस वर्षं गडचिरोली-कुरखेडा रस्त्यावर बसचे कंडक्टर होते. दोरी ओढून एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गाडी परत केली, घंटी मात्र डोक्यात राहिली. देवळात आरती लांबली की "मांगचे समोर सरका" म्हणतात. मयतीला गेले तरी आधी माणसं मोजतात.

यंदा त्यांनी गावाच्या मासेमारीचं मनावर घेतलं. आमच्या तलावातली मोठी मासोळी मासेमारांची सोसायटी काढते. त्यानंतर मे महिन्यात, पाणी गुडघ्याला आलं की, एक दिवस तलाव गावाचा. ज्याला जे मिळेल ते घेऊन तो उतरतो: जाळं, टोपली, जुनं लुगडं, मच्छरदाणी. गावाच्या आठवणीत या दिवसाला कधी नियोजन लागलं नव्हतं. चिखल होतो, भांडणं होतात, संध्याकाळी सगळ्या घरांतून रस्स्याचा वास येतो. मी स्वतः शिस्तीची बाई आहे, पण चिखलाला शिस्त लावायचं माझ्याही कधी मनात आलं नाही.

शालिकभाऊंनी ग्रामपंचायतीत सभा घेतली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तलाव काढला होता. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, कडेनं चाळीस जागा, प्रत्येकीला नंबर. बांबूच्या खुंट्या, त्यावर चिंध्या. एका खुंटीची चिंधी लाल होती.

"हे कोनाची जागा?" सरपंचांनी विचारलं.

"आमदारसाहेबाची."

"ते येऊन राह्यले का?"

"नाई. पन सीट ठेवा लागते."

मागून सयाबाई म्हणाली, "आन मासोळी विदाऊट तिकीट फिरून राह्यली तं काय करान, भाऊ?" सयाबाई आमच्याकडची सर्वांत तिखट जीभ. सभा हसली. शालिकभाऊंनी टेबलावर एकदा ठोकलं आणि पुढचा नियम वाचला.

तो नियम असा होता: गावच्या सासरी गेलेल्या लेकींना बोलवायचं, आणि पाण्यात त्यांनी आधी उतरायचं. यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांना वाटलं, माणूस सुधारला. शेवटचा नियम वेळेचा. नऊची गाडी येईल, लेकी उतरतील, मग शालिकभाऊ पितळी घंटी दोनदा वाजवतील, आणि तेव्हाच पाण्यात पाय. त्याआधी कोणी नाही.

निमंत्रणं लिहायला ते माझ्याकडे आले. गावात माझं अक्षर चांगलं समजलं जातं. बावीस लेकी निघाल्या. एकवीस नावं त्यांनी भराभर सांगितली. बाविसावं सांगताना खिडकीबाहेर बघितलं.

"कौसा. मुक्काम सावली."

कौसा त्यांची सख्खी धाकटी बहीण. सोळा वर्षांत माहेरी आलेली नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि का, तेही. ती मुलाला घेऊन माहेरी निघाली होती. गाडी नेमकी भावाची. तिनं मुलाचं अर्धं तिकीट मागितलं. अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत. मुलाला बारा पूर्ण होऊन चार दिवस झाले होते, आणि हे त्या गाडीत तिच्याशिवाय फक्त कंडक्टरला माहीत होतं, कारण जन्माच्या वेळी मामा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता.

"बाई, पोराचं फुल लागन," शालिकभाऊ सगळ्या गाडीसमोर म्हणाले.

"दादा, कोनाले बाई म्हनून राह्यला?"

"ड्युटीवर बहीन नसते."

ती तिथंच उतरली. भर उन्हात, जंगलाच्या रस्त्यावर, मुलाचा हात धरून. आणि शालिकभाऊंनी दोन घंट्या दिल्या.

मी लेखणी थांबवून विचारलं, "तिला थोडं वेगळं लिहू का?"

"नाई जी बाई. सगळ्याईसारखंच लिहा." मग म्हणाले, "भाऊबीजेले नाई येत. पन मासोळीले येईन. लहानपनी हातानं मरळ धरत होती ते. माझ्यानं आजपावतर नाई धरल्या गेली."

तर असं ते नियोजन होतं. चाळीस खुंट्या, बावीस लेकी, एक आमदार, आणि सगळं एका बाईसाठी.

त्या दिवशी सातलाच गाव पाळीवर आलं. माणसं आपापल्या नंबरवर उभी होती, हेच एक नवल. शालिकभाऊ इस्त्रीच्या पँटमध्ये, हातात घंटी. जवळपासच्या गावांत दिलेल्या आठ-दहा लेकी आदल्या दिवशीच आल्या होत्या. नऊ वाजले, गाडी नाही. साडेनऊ. ऊन चढलं. पाण्यात मासोळी उड्या मारत होती.

"भाऊ, सोडा ना आता गाडी," कोणीतरी ओरडलं.

"टाइम नाई झाला."

"टाइम होऊन अर्धा घंटा झाला," सयाबाई म्हणाली. "काऊन अडवून राह्यले? मासोळी मरून जाईन म्हातारी होऊन."

शालिकभाऊ रस्त्याकडे बघत होते.

दहाला गाडी आली आणि पाळीवरच्या थांब्याला थांबली. दोन माणसं पोती घेऊन उतरली, एक बाई बाळ घेऊन. मग आतल्या कंडक्टरनं, आपलं काम म्हणून, दोरी ओढली. टिंग टिंग.

सगळं गाव पाण्यात.

तीन आठवडे शालिकभाऊंनी दोन घंट्या म्हणजे काय ते शिकवलं होतं, आणि गाव चांगलं शिकलं होतं. खुंट्या मोडल्या. आमदारांच्या जागेवर सयाबाई मच्छरदाणी पसरून मोकळी झाली. लेकीही शिरल्या, सुनाही शिरल्या, कोण आधी ते कोण बघतो. शालिकभाऊंची घंटी हातातच राहिली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तलावाकडे लक्षच नव्हतं. गाडी निघून चालली होती, आणि बाळवालीनंतर कोणीही उतरलं नव्हतं.

मग पुढे शंभरेक पावलांवर एक घंटी ऐकू आली. गाडी थांबली. पूर्वी थांबा तिथं होता, मोहाच्या झाडाखाली. सोळा वर्षांत तो पाळीवर आला, हे जिला ठाऊक नसणार ती तिथं उतरली. सुती पातळ, हातात कापडी पिशवी. चालत आली आणि भावासमोर उभी राहिली.

"अर्ध्या तिकिटात आली, दादा," ती म्हणाली. "आता आमा बायाईले सगळ्याईलेच हाफ हाये."

शालिकभाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "समोरची सीट भेटली का?"

"कायची भेटते. लगनसराय हाये. गडचिरोलीपासून उभीनं आली."

"गुडघे?"

"दुखते." तिनं पाण्याकडे बघितलं. "हे काय, सारे उतरले बी? मले थांबले नाई?"

तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली, पातळाचा काचा मारला आणि सरळ पाण्यात गेली. दोन्ही हात चिखलात घालून, मान वर करून, काही न बघता चाचपडू लागली. शालिकभाऊ चपला काढून, इस्त्रीच्या पँटसकट तिच्या मागं गेले. मासोळी धरायला नाही. तिच्या बाजूला नुसते उभे राहिले, गुडघाभर पाण्यात, पिशवी डोक्यावर धरून. दुपार होईपर्यंत.

पिशवी माझ्याकडे देता आली असती. मी पाळीवरून तसं दोनदा म्हटलंही. त्यांनी दिली नाही.