काकाच्या पद्धतीची फ्रेंच

चूक इफेआनी काकाची. बाकी कुणाचीही नाही.

फ्रेंच बोलणाऱ्या वागादुगू शहरात गाड्यांचे सुटे भाग विकण्यात या गृहस्थाचं अर्धं आयुष्य गेलं, पण त्याची फ्रेंच 'किती?' आणि 'परवडत नाही' यांच्यापुढे कधी सरकली नाही. तरी पुतण्या एबुका कॉलेज अर्धवट टाकून नायजेरियाहून आला आणि त्याने क्लासचं नाव काढलं, तेव्हा काकाने ज्ञान पाजळलंच. "भाषा वर्गात येत नाही, माणसांत येते. म्हाताऱ्यांजवळ बस. ते बोलतात तसं बोल." (जे स्वतःला जमलं नाही त्यावर वडीलधारी माणसं फार सुंदर बोलतात.)

एबुका बसला. दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली तोए शिंपी आणि तापसोबा म्हातारा रोज सकाळी चहा घेत. त्यांचं बोलणं त्याने चालीसकट घोटलं. अर्थ मागाहून येतो, असंही काकाच म्हणाला होता.

मग कळलं, इलबूदो नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात फ्रेंच येणारा माणूस हवाय. ही नोकरी लागली की काकाच्या खोक्यांवर झोपणं आणि काकाचं ज्ञान, दोन्ही सुटणार होतं. एबुका इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि मान लववून, अत्यंत अदबीने म्हणाला,

"काय रे गुलामा, अजून मेला नाहीस? कुत्र्याचं मुंडकं एकट्यानेच खाल्लंस ना?"

गॅरेजातले पाने थांबले. इलबूदोने सावकाश हात पुसले.

"कुठल्या घरचा तू?"

हे तर तापसोबा तोएला रोज विचारायचा. उत्तर तोंडपाठ होतं.

"तोएच्या. म्हणजे तुझा धनी."

इलबूदो पोट धरून हसत सुटला. तो मोसी जमातीचा, आणि तोए हे आडनाव सामो जमातीचं. या दोन जमातींनी भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, कुत्र्याच्या मुंडक्यावरून डिवचायचं आणि राग मानायचा नाही, ही बापजाद्यांची रीत. दुसरा कुणी असं बोलता तर पान्यानेच सोलला गेला असता.

"फ्रेंच फक्कड आहे तुझी," तो डोळे पुसत म्हणाला. "उद्यापासून ये, कुत्रेखाऊ."

काका आता बाजारभर स्वतःच्या पद्धतीची टिमकी वाजवत फिरतो. आपण तोए नाही, हे एबुकाला इलबूदोला सांगायचंय, पण तेवढी फ्रेंच अजून आलेली नाही. दुपारी इलबूदो त्याच्या ताटातलं मटण उचलून खातो. गुलामाचं ताट ते धन्याचं, तक्रारीची सोय नाही.

या फ्रेंचपायी एबुकाचं आडनाव गेलं आणि दुपारचं मटण गेलं.