जोमा तांडेलाच्या चुलीवर तेल शोधिल्याची हकीकत

श्री. ज्याचा तळ कोणी पाहिला नाही आणि ज्याच्या तळाचे कागद मात्र पुष्कळ जाहले, त्या समुद्रास नमस्कार. त्याच्या काठी घडले ते येथे लिहिले आहे. लिहिणाराचे नाव विचारू नये आणि राज्याचेही विचारू नये. राज्य मोठे होते, इतके पुरे.

शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध नवमी, ते दिवशी राजसभा भरली आणि प्रधान उभे राहून अर्ज करिते जाहले की, महाराज, राज्यात गाड्या फार आणि तेल थोडे, परमुलखाचे तेल घेता घेता खजिना रिता होतो, आणि आपल्या दर्याच्या पोटात तेल असावे ऐसे विद्वानांचे म्हणणे पडते. महाराजांनी विचारिले, "असावे, की आहे?" प्रधान बोलिले, "असावे म्हटल्याने मंजुरी मिळते, महाराज. आहे म्हणावयास आधी भोक पाडावे लागते." महाराज संतोष पावले आणि हुकूम जाहला की, किनाऱ्यापासून वीस कोस बाहेर, जेथे तळ कड्यासारखा तुटतो आणि ऐंशी वावांचे पाणी एकाएकी सहाशे वाव होते, तेथे भोक पाडावे. वाव म्हणजे पुरुषाने दोन्ही हात पसरिले असता होते ते अंतर. सहाशे पुरुष एकावर एक हात पसरून उभे केले तरी वरच्याचे नाक पाण्याबाहेर निघाले नसते. परंतु हुकूम देणाऱ्यास पाण्यात उतरावयाचे नव्हते.

त्या किनाऱ्यास खारवेळ नावाचे बंदर होते, घरे दोनशे, होड्या एकसष्ट, आणि त्यात जोमा तांडेल म्हणून जाणता पुरुष होता. त्याजपाशी वडिलोपार्जित एक जागा होती. शेत नव्हे, वाडी नव्हे. दर्यातली जागा, त्या तुटल्या कड्याच्या माथ्यावर, ऐंशी वावांवर, जेथे गळ सोडिला की तांब आणि हेकरू हे मासे हाताएवढाले वर येत. घरात त्या जागेस चूल म्हणत, कारण घरची चूल तिजवर पेटे. जोमा तांडेलाची बायको चांगुणाबाई तिला नाव ठाऊक, ठिकाण ठाऊक नाही. पुत्र पोशा, वय तीस, बापाच्या होडीवर बारा वर्षे खलाशी, त्यासही ठाऊक नाही. याचे कारण बंदराचा रिवाज. दोरीस शिशाचा गोळा बांधावा, गोळ्याच्या बुडास मेण भरावे आणि दोरी सोडावी. तळ लागला की मेणास तळची रेती चिकटून येते, आणि रेती पाहून तांडेल जाणतो की आपण कोठे आहो. ते मेण तांडेलाने एकट्याने पाहावे आणि लागलीच अंगठ्याने पुसावे. होड्यांवर उपग्रहाची यंत्रे आली तेव्हा जोमा तांडेल चुलीवर पोहोचण्याआधी यंत्रावर गोणपाट टाकीत आणि खलाशी तोंड फिरवून विडी पेटवीत, इतका तो रिवाज पाळिला जाई. चारचौघांत कोणी जागा विचारिलीच, तर तांडेलाने बोट भलतीकडे दाखवावे आणि विचारणाराने हसून मान डोलवावी. मग ज्या दिवशी तांडेल सुकाणू सोडील, त्या दिवशी वारसास संगे न्यावे आणि न पुसलेले मेण त्याच्या तळहातावर ठेवावे. मृत्युपत्र म्हणून जे काय ते एवढेच. जोमा तांडेलांचे गुडघे धरले होते आणि दोन हंगामांनंतर पोशाच्या हाती ते मेण ठेवावे, ऐसा त्यांचा मनसुबा होता.

शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, आश्विन मासी हुजुरातून दर्यासुभेदार आले, संगे कारकून, आणि शाळेच्या पटांगणात टेबल मांडून दर्याचा नकाशा पसरिला. सुभेदार तरुण, सभ्य, आणि खरे बोलणारा होता. हे लिहिणे प्राप्त आहे, कारण पुढे जे जाहले ते त्याच्या लबाडीने जाहले नाही. तो हात जोडून बोलिला, "तांडेल मंडळी, ज्या पाण्यात तुम्ही मासा धरता ते पाणी दाखवा. तेवढे सोडून आम्ही काम करू. हे मी लिहून देतो." मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. सुभेदाराचे भय कोणास नव्हते. भय बुधाजी तांडेलाचे होते, जो मागे बसून बगळ्यासारखी मान लांब करीत होता. आणि बुधाजीस भय जोमाचे. मग एकेक तांडेल उठला आणि नकाशापाशी गेला आणि कोणी उत्तरेच्या चिखलावर बोट ठेविले, कोणी जेथे जेलीमाशाविना काही मिळत नाही तेथे ठेविले, आणि बुधाजीने तर दीपस्तंभाच्या खडकावरच ठेविले. कारकून लिहीत गेला. मागे बाया पदर तोंडास लावून हसत होत्या. जोमा तांडेलांची पाळी आली. त्यांनी दक्षिणेचा गाळ दाखविला. सुभेदाराने लिहवून घेतले आणि मग आपले बोट सावकाश सरकवीत नेमके चुलीवर नेऊन टेकविले आणि विचारिले, "आणि येथे, तांडेल? हा कड्याचा माथा?"  पाठीमागे बुधाजी उठून उभा राहिला होता. तांडेलांनी डोळ्याची पापणी न हलविता सांगितले, "तितं काय नाय, सायब. पानीच पानी." सुभेदार दुसऱ्यांदा विचारता जाहला, "नक्की? मग रिकामे लिहितो." "लिवा," ऐसे तांडेल बोलिले, आणि ज्या अंगठ्याने मेण पुसीत त्याच अंगठ्याचा ठसा कागदावर दिला. घरी येताना चांगुणाबाईने विचारिले, "कंचं खोटं सांगितलंत?" तांडेल बोलिले, "आजवरचं सगल्यात मोठं." आणि दोघे हसली.

पुढे माघ मासी भोक पाडावयाचे जहाज आले. त्यास नांगर नव्हता. बुडाखाली सहा पंखे अहोरात्र फिरत आणि जहाज एके जागी खिळल्यासारखे राही. त्यावर लोखंडाचा मनोरा, गावच्या देवळाहून सातपट उंच. चहूकडे तीन कोस पाणी सरकारजमा जाहले आणि त्याच्या कडेने पहारा बसला. पहाऱ्यास खारवेळच्याच होड्या धरिल्या, कारण पाणी त्यांस ठाऊक. आणि मासा न धरण्याचा रोजमुरा मासा धरण्याच्या दीडपट मिळू लागला. मग कोण गळ सोडितो? होड्या एकसष्ट होत्या त्यातल्या सत्तेचाळीस पहाऱ्यास आणि सामान वाहण्यास लागल्या. बर्फाच्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग ठेविले. सुकट वाळविण्याचे मांडव मोडून भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि परमुलखीचे कामगार त्यात राहिले, आणि तांदूळ महागला, आणि शाळेच्या मास्तरांस भाडे परवडेना म्हणून ते तालुक्यास गेले. कामगारांस मासा हवा, तो बंदरात मिळेना. मग तीनशे कोसांवरून खोक्यात गोठविलेला मासा येऊ लागला, आणि चांगुणाबाई, जिचा आवाज बाजारात सर्वांत मोठा, ती परबंदराचा मासा खोक्यातून काढून खारवेळच्या ताज्या माशाच्या भावाने विकू लागली. गिऱ्हाईक विचारी, "ताजा का गं, मावशी?" ती म्हणे, "तुज्यापेक्षा ताजा हाय. घे." आणि घरी येऊन हात तीनदा धुवी. पोशा पहाऱ्याच्या होडीवर मुख्य जाहला. नारिंगी डगला आणि भोंगा मिळाला. जोमा तांडेल उरल्या होड्यांबरोबर किनाऱ्यालगत बोंबील धरीत आणि म्हणत की जहाज जाईल, चूल कोठे जात नाही. त्यांची समजूत ऐसी की जहाज कड्यापलीकडे खोल पाण्यात आहे आणि माथ्यास कोणी हात लाविला नाही.

शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी संवत्सर, पौष मासी तांडेलांचा गुडघा इतका सुजला की त्यांनी जाणिले, हा हंगाम शेवटचा. मग दोन म्हातारे खलाशी घेऊन, शिशाचा गोळा आणि नवे मेण घेऊन ते निघाले, की आधी आपण चूल पाहून यावी आणि मग पोशास आणावे. सकाळी उन्हाच्या वेळी कड्याच्या माथ्यावर पोहोचले, तों दुरून भोंगा ऐकू आला, "लांब राहा! सरकारी पानी हाय! लांब राहा!" आणि नारिंगी डगला जवळ येत गेला आणि भोंगा खाली जाहला. "बा? तू हितं कशाला आलास?" तांडेल बोलिले, "तू कशाला आलास?" "माजी नोकरी हाय." "माजी पन." पोशा वरमून बोलिला, "बा, चल मागं. आत्ता चुऱ्यानं भरलेली होडी येल. भोकातनं निघालेला दगडाचा चुरा ते हितंच वततात, दिवसाला दोन खेपा." तांडेलांनी विचारिले, "हितंच का?" पोशा बोलिला, "कागदावर रिकामी जागा हाय ना ही. मासा नाय, कोनाचा हक्क नाय. खाली तुजाच अंगठा हाय, बा. सायबांनी मला दाखवला. मी सगल्यांना सांगितलं, ह्यो माज्या बाचा हाय." आणि ते सांगताना त्याच्या तोंडावर अभिमान होता.

तांडेलांनी गोळ्यास मेण भरिले आणि दोरी सोडिली, वावावाव मोजीत. ऐंशीस तळ लागावयाचा तो अठ्ठ्याहत्तरास लागला. दोन वाव दर्या भरून आला होता. गोळा वर घेतला. पन्नास वर्षे त्या मेणास तांबडी रेती आणि शिंपल्यांची भुकटी लागे. त्या दिवशी करडा, गुळगुळीत, वास नसलेला लेप लागला होता. तांडेलांनी अंगठा उचलिला आणि थांबविला, आणि दोन्ही होड्यांच्या मधल्या पाण्यावरून हात लांबवून ते मेण पोशाच्या तळहातावर ठेविले. म्हाताऱ्या खलाश्यांनी रिवाजाप्रमाणे तोंडे फिरविली. पोशा बारा वर्षे खलाशी होता. न पुसलेले मेण हाती येणे म्हणजे काय हे त्यास सांगावे लागले नाही. त्याने मेणाकडे पाहिले आणि मग जहाजाकडे पाहिले. "चूल," तांडेल बोलिले. "तुजी." इतक्यात पोशाच्या खांद्यावरचे यंत्र खरखरले आणि जहाजावरून विचारणा आली की तेथे कोण आहे. पोशाने यंत्र तोंडाशी नेले आणि सांगितले, "कोनी नाय. पानीच पानी."

जहाज आल्यापासून दोन वर्षांत एकंदर चार भोके पाडिली. पहिल्यात खारे पाणी, दुसऱ्यात खारे पाणी, तिसऱ्यात वायू इतका की एक गाव महिनाभर स्वयंपाक करील, चौथ्यात हत्यार अडकले. मग शके एकोणीसशे चाळीस, विलंबी संवत्सर, फाल्गुन मासी जहाज गेले. खोल्या रिकाम्या पडल्या, पहाऱ्याचा रोजमुरा बंद जाहला, गोठविलेल्या माशाची खोकी यावयाची राहिली. होड्या पाण्यात लोटावयास गेले तों ज्यांस गळ बांधिता येई ते म्हातारे, आणि ज्यांच्या अंगात बळ त्यांस भोंगा तेवढा येई.

पुढील साली नुकसानीची चौकशी करावी ऐसा हुकूम जाहला आणि तोच सुभेदार, तेच टेबल, तोच नकाशा घेऊन पटांगणात आला. विचारिले, "कोणाची जागा बिघडली?"  मग जोमा तांडेल काठी टेकीत उठले आणि सर्व गावादेखत नकाशापाशी गेले आणि चुलीवर बोट ठेवून स्वच्छ बोलिले की, "ही माजी. माज्या बाची, त्याच्या बाची. ऐंशी वाव, तांबडी रेती, तांब आनि हेकरू. हिच्यावर तुमी दोन वाव चुरा वतलात." आणि फडके सोडून शिशाचा गोळा टेबलावर ठेविला, त्याच्या बुडास पुन्हा बसविलेले तेच मेण, तोच करडा लेप, पोशाने दोन वर्षे जपलेला. कारकुनाने जुने बाड उघडून वाचिले, "कड्याचा माथा. जोमा तांडेल यांचे सांगण्यावरून, रिकामा. निशाणी अंगठा." सुभेदार दुःखी जाहला. तो बोलिला, "तांडेल, तेव्हा खोटे सांगितलेत की आता सांगता?" "तवा." "मग आताचे खरे कशावरून?" तांडेल मागे वळले आणि गावास बोलिले, "सांगा रे यांना." तों बुधाजी तांडेल उठला, आणि नकाशावरच्या त्या बोटाकडे त्याने नीट पाहिले, आणि त्याच्या मुद्रेवर मोठा आदर दिसला. तो बोलिला, "जोमा तांडेल खोटं बोलंल, सायब? लिवा, लिवा." आणि डोळा मिचकाविला. पटांगण हसले. सुभेदाराने लेखणी खाली ठेविली.

बाहेर पडता पडता बुधाजीने जोमा तांडेलांच्या पाठीवर थाप मारिली आणि बोलिला, "वा रं माज्या वाघा! गाव बुडाला, तरी जागा नाय सांगितलीस. आनि तोंड कसं केलंस, मलाच पटायला आलं हुतं!" मंडळी पुन्हा हसली आणि म्हणाली की असा तांडेल आता होणे नाही. पोशा हसला नाही. चांगुणाबाईने टेबलावरचा गोळा आणून नवऱ्याच्या हाती दिला. तांडेलांनी तो उलटा करून एक वेळ पाहिला आणि अंगठ्याने मेण पुसून टाकिले.

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. तेल कोठे नाही हे कळले, म्हणून हुजुरात ती फत्ते मानिली आणि प्रधानांस शाल मिळाली. नकाशात कड्याचा माथा पूर्वीप्रमाणेच रिकामा दाखवितात, आणि आता त्या नकाशात चूक नाही.